पडीक मोडणारे अण्णा

पडीक रान साफ करायचं असेल तर जेसीबीवाल्याला फोन गुपचूप करावा आणि अण्णांच्या दारावरून तर मुळीच जाऊ नये. गेलात की ओसरीवरून हाक येते, "कशाला तासाला पैसे घालवतोस लेका? आपला एचएमटी हाय की!"

सोलापूर-नगर भागात असे अण्णा गावागणिक एक तरी सापडतात. कुठे त्यांना तात्या म्हणतात, कुठे आबा. ट्रॅक्टर मात्र तोच: २५११, दोन सिलिंडर, २५ अश्वशक्ती. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं तंत्र घेऊन १९७१ साली पिंजोरला एचएमटीचे ट्रॅक्टर निघायला लागले. २०१६ साली केंद्र सरकारनं तो कारखाना बंद करायचं ठरवलं. अण्णांनी त्या निर्णयाला अजून मंजुरी दिलेली नाही.

बॅटरीवर खर्च करणं त्यांना उधळपट्टी वाटते. ट्रॅक्टर रात्री उतारालाच लावायचा, सकाळी ब्रेक सोडायचा, वेग आला की क्लच. रान सपाट असेल तर इंजिन दिवसभर बंद करायचं नाही. अण्णा बांधावर भाकरी खातात, शेजारी ट्रॅक्टर डुगडुगत डिझेल पितो. डिझेल अर्थातच रानमालकाचं. अण्णा स्वतः मजुरी घेत नाहीत, आणि इथेच माणूस फसतो.

समोर असते वेडी बाभूळ. शेळ्या तिच्या गोड शेंगा खातात, बिया लेंड्यांतून रानभर पसरतात, आणि दोन-चार वर्षं नांगर फिरला नाही की वाट उरत नाही. बाहेरून मोळ्या बांधून विकण्याइतकं सरपण, आत रानडुकरं. अण्णा आधी रानाला एक फेरी मारतात, मग तंबाखू, मग साखळी. साखळी खालच्या हुकालाच का बांधायची, यावर ते सुरेख बोलतात: वर टॉपलिंकच्या जागी बांधली तर ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालवणाऱ्यावर उलटा पडतो. बोलणं शंभर टक्के खरं. पण एवढं सांगून लो गिअर टाकला की पुढची चाकं वीतभर उचलतातच, आणि अण्णा ओरडतात, "बॉनेटवर बसा रे कुणीतरी!" त्या क्षणी हजर असलेल्या प्रत्येकाला घरी गाभण म्हैस असल्याचं आठवतं.

मग काटा. वजन यावं म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं असतं, त्यामुळे पंक्चर झालं की चिळकांडी उडते. अण्णांचा चेहरा जराही बदलत नाही. "पाणीच हाय, डिझेल न्हाई." तालुक्याहून पंक्चरवाला येईपर्यंत ते नव्या ट्रॅक्टरांवर बोलतात: बॉनेट पत्र्याचं नाही, कागदाचं, आवाज असा की मालकाला बाजूला उभं राहूनही कळू नये चालू आहे की बंद. पुण्यातल्या मुलानं पन्नास अश्वशक्तीचा घेऊन देतो म्हटल्याला दोन दिवाळ्या झाल्या; अण्णा त्याच्याशी तेव्हापासून फक्त पावसापाण्याचं बोलतात.

कोळसाभट्टीवाले लाकडाच्या बदल्यात हेच रान फुकट मोकळं करतात. ही माहिती गावात सर्वांना आहे, पण अण्णांसमोर ती कुणी काढत नाही. कारण मागे गावातल्या उसाच्या ट्रॉल्या चिखलात रुतल्या, तेव्हा मध्यरात्री कंदील घेऊन येणारे अण्णाच होते.

शेवटी साखळी ताणते, कडाड असा आवाज होतो आणि झाड गुडघ्याइतका बुंधा राखून मोडतं. अण्णा हात झटकतात. मुळाचा गड्डा जमिनीतच राहतो, आणि वेड्या बाभळीला तेवढं पुरतं. पुढच्या पावसाळ्यात एका बुंध्याला पाच फोक फुटतात. मालक रडकुंडीला येऊन अण्णांना रानात घेऊन येतो. अण्णा फोक वाकवून बघतात, खूश होतात.

"जमिनीत ताकद हाय लेका तुझ्या. पंधरा लिटर डिझेल आणून ठेव. औंदा साखळी जाड घेऊ."