नववा भिडू

एका मेजाच्या ऑनलाइन पोकर स्पर्धेला ठरलेली वेळ नसते. नऊ जागा भरल्या की पत्ते वाटले जातात. शिळफाट्यावरची मिनीडोर शेवटची सीट भरल्याशिवाय हलत नाही, तसेच हे. तेव्हा हा खेळ शिळफाट्यावर रुजला यात नवल नाही. हा शिळफाटा खोपोलीचा. कल्याण रस्त्यावरचा, वाहतूककोंडीमुळे बातम्यांत येणारा, तो वेगळा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, बोरघाट चढण्याआधीच्या या नाक्यावर कोणी कंपनीच्या बसची वाट पाहतो, कोणी पनवेलच्या एसटीची, तर कोणी लोणावळ्याकडे जाणाऱ्या ओळखीच्या टेम्पोची. वाट पाहणे हा मुख्य धंदा आणि नोकरी हा जोडधंदा झालेल्या मंडळींतून या खेळाचा भिडू तयार होतो.

भिडू तिशी-पस्तिशीचा असतो. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, हातात फोन, फोनला वायर. खोपोलीच्या वीजकेंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज जाते. भिडूची वायर मात्र चहाच्या टपरीतल्या एकुलत्या एक प्लगपर्यंतच पोचते, म्हणून त्याचे बाकडे ठरलेले. टपरीवाला त्याला ‘भाऊ’ म्हणतो, कॉलेजची पोरे ‘दादा’ म्हणतात आणि घरून येणारा फोन ‘अहो’ने सुरू होतो. तिसरा प्रकार खेळाला सर्वांत घातक, कारण पडद्यावर निर्णयाला काही सेकंदच मिळतात आणि दूध आणले का याचे खरे उत्तर द्यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

स्पर्धेचा पहिला टप्पा भिडूला फार मानवतो, कारण त्यात काहीच करायचे नसते. समजा, प्रत्येकाकडे १५०० चिप्स आहेत आणि सक्तीची पैज, म्हणजे ब्लाइंड, १०-२० आहे. एवढ्याशा पैजेसाठी अख्खी पुंजी पणाला लावणे मूर्खपणाचे. म्हणून तो फोल्ड करतो, म्हणजे पत्ते टाकून देतो, पुन्हा फोल्ड करतो आणि मधल्या वेळात चहा पितो. दोन एक्के हातात येण्याचा योग २२१ डावांत सरासरी एकदा येतो. छोटी जोडी आली आणि तिचा तिसरा जोडीदार फ्लॉपवर, म्हणजे मेजावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, पडला, असे साधारण साडेआठ वेळांत एकदाच घडते. हे आकडे भिडूला तोंडपाठ असतात. पोरे विचारतात, ‘दादा, कंटाळा नाही येत?’ त्यावर तो म्हणतो, ‘अरे, पगारवाढीची वाट बघतोय तिसरं वर्ष. हे काय!’

या संयमामागे हिशेब आहे आणि तो भिडूने टपरीच्या फळीवर खडूने मांडून दाखवलेला असतो. नऊ जणांनी शंभर-शंभर रुपये भरले, खेळ चालवणाऱ्या कंपनीचा कट बाजूला ठेवला, तर बक्षिसे नऊशेची. पहिल्याला ४५०, दुसऱ्याला २७०, तिसऱ्याला १८०, बाकीच्या सहांना अनुभव. आता पहिल्याच डावात एखाद्याने पुंजी दुप्पट केली तर त्याच्या चिप्सची किंमत दोनशे व्हायला हवी. ती होते सुमारे १८२. सगळ्या चिप्स गोळा करणाऱ्यालाही अखेर निम्मीच रक्कम मिळते, उरलेली हरणाऱ्या दोघांत वाटली जाते, म्हणून जिंकलेली चिप हरलेल्या चिपेपेक्षा नेहमी स्वस्त. शंभर घालवण्याचा धोका पत्करून १८२ मिळवायचे, तर जिंकण्याची शक्यता निदान ५५ टक्के हवी. नाणेफेकीसारखा डाव पहिल्या पाच मिनिटांत खेळणारा मनुष्य भिडूच्या मते पुण्याचा तरी असतो, नाहीतर पगाराच्या दिवशी खेळत असतो.

मधला टप्पा थोडक्यात आटोपतो. ब्लाइंड दर काही मिनिटांनी वाढतात, नुसते बसून राहणाऱ्याची पुंजी झिजते. ती मोठ्या ब्लाइंडच्या दहापटीखाली आली की बारीकसारीक डावपेच संपतात. उरतात दोनच रस्ते, फोल्ड किंवा ऑल-इन, म्हणजे सगळी पुंजी पुढे. वेगवान स्पर्धा कर्जतला खोपोलीच्या लोकलमध्ये बसता बसता सुरू केली, तर पळसदरी, केळवली शांततेत जातात, डोलवलीला हात घामेजतात आणि लौजीला चौघे उरतात.

चौघे उरले की येतो बबल. बक्षिसे तिघांना आणि माणसे चार. आता जो जाईल तो, पहिल्याच मिनिटाला बाद झालेल्याइतकेच घेऊन जाईल. भिडूचे खरे शास्त्र या एका टप्प्यासाठी आहे. चौघांकडे सारख्या चिप्स असल्या तर प्रत्येकाचा बक्षिसातला वाटा पंचवीस टक्के. कोणी ऑल-इन केले आणि आपण कॉल करून, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून, जिंकलो, तर वाटा सुमारे ३८ टक्क्यांवर जातो. हरलो तर शून्य. म्हणजे आधी लावलेले ब्लाइंड सोडले, तर कॉल करायला जिंकण्याची शक्यता ६५ टक्के लागते. समोरच्याकडे एक्का-राजा आहे असा दृष्टांत झाला, तरी हातातली राण्यांची जोडी टाकून द्यावी, कारण तिची शक्यता पंचावन्नच्या आसपास. उलट, आपण आधी ऑल-इन म्हटले तर जिंकायचे मार्ग दोन होतात: सगळे घाबरून पत्ते टाकतील, किंवा टाकले नाहीत तर आपले पत्ते सरस ठरतील. कॉल करणाऱ्याला पहिला मार्ग नसतो. म्हणून हल्ला साध्या पत्त्यांवरही करावा, हल्ल्याला उत्तर मात्र भारी पत्त्यांवरच द्यावे. पोकर-लेखक डेव्हिड स्क्लान्स्कीने पुस्तकात मांडलेले आणि कॉलिन मोशमनने २००७ साली खास या स्पर्धांवर लिहिलेल्या पुस्तकात वाढवलेले हे तत्त्व भिडूने मित्राच्या फोनवरून शिकलेले असते. मित्राचे नाव तो सांगत नाही.

बबलची शिस्त अंगात मुरली की ती पडद्याबाहेर येते. टपरीवर नऊ जणांचा चहा झाला की भिडू खिशाकडे हात नेतो, पण आत घालत नाही. आणखी कोणीतरी आधी बाद होईल, हा त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. पंगतीत वाढप्याने जिलेबीचा आग्रह केला तर तो लगेच कॉल करतो, कारण तिथे गमावण्यासारखे काही नसते.

शेवटचे दोघे उरल्यावरचा खेळ त्याला फारसा येत नाही. तिसऱ्या क्रमांकाचे १८० रुपये त्याने इतक्या निष्ठेने जपलेले असतात, की पुढे काय करायचे याचा विचार करायला उसंत मिळालेली नसते. हरल्यावर कारण मात्र तयार असते: घाटाखालचे नेटवर्क. जिंकलेल्या डावात नेटवर्क गेल्याचे उदाहरण फाट्यावर नाही.

मग सरकार आडवे आले. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापला जाऊ लागला, १ ऑक्टोबरपासून भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी आला. भिडूने खडूचा हिशेब पुसून पुन्हा मांडला आणि उत्तर कोणाला सांगितले नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी, गणपतीच्या पाच दिवस आधी, ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून चालणारा ऑनलाइन खेळ देऊ करणे हा गुन्हा ठरला: तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण खेळायला मेजही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ म्हटले, तो निकाल भिडू पोकरला लावून सर्वांना ऐकवत असे. आता त्याचा उपयोग संपला.

फुकटच्या चिप्सची मेजे राहिली. तिथे नऊपैकी सहा जण पहिल्याच डावात न बघता ऑल-इन जातात, कारण हरल्यावर कंपनी पुन्हा चिप्स देते. बक्षीस शून्य असेल तर त्यातला वाटाही शून्य, आणि शून्याला कशानेही गुणले तरी भिडूच्या शास्त्राला जागा उरत नाही. तो तिथेही फोल्ड करतो आणि त्याबद्दल अनोळखी लोकांच्या शिव्या खातो.

त्या वर्षी गणपतीच्या जागरणाला भिडू बऱ्याच काळाने खऱ्या पत्त्यांना बसला. चिल्लरवर तीन पत्ती. इथे ब्लाइंड वाढत नाही, कोणी बाद होत नाही, एक रुपया पहिल्या डावातही एकच रुपया असतो. पत्ते बघितलेल्याने न बघणाऱ्याच्या दुप्पट चाल द्यायची, असा नियम. भिडू प्रत्येक डाव बघून, विचार करून, दुप्पट भरून खेळला. समोर आत्या रात्रभर ब्लाइंड, म्हणजे पत्ते न बघता, खेळली. पहाटे त्याने तिला समजावून सांगितले, की १९६७ च्या त्याच निकालात तीन पत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ ठरवला आहे, त्यामुळे हा काही पराभव नव्हे. आत्याने तो निकाल वाचलेला नाही. तिने चिल्लर मोजून रुमालात बांधली आणि त्यातले वीस रुपये त्याला मिनीडोरसाठी दिले.