लसूण गेला, तेल आलं

‘ट्वायलाइट’चा नायक एडवर्ड कलन याचा जन्म १९०१ सालचा. १९१८च्या फ्लूच्या साथीत शेवटचे श्वास मोजत असताना एका डॉक्टरने त्याला व्हॅम्पायर करून टाकलं आणि त्याचं वय सतरावर थांबलं ते थांबलंच. आता शंभरी ओलांडलेला, पियानो वाजवणारा, लोकांच्या मनातलं ऐकू येणारा हा गृहस्थ हाती आलेल्या अमरत्वाचं करतो काय? अकरावीच्या वर्गात जाऊन बसतो. बरं, एकदाच नाही. २००८च्या सिनेमात कलन कुटुंबाच्या घरी पदवीदानाच्या टोप्या भिंतभर लावून ठेवलेल्या दिसतात. मरण टळलं, पण हजेरी काही टळली नाही.

स्टेफनी मेयर यांची ही कादंबरी २००५ साली आली. कथा घडते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, फोर्क्स नावाच्या खऱ्याखुऱ्या गावात. एकेकाळी लाकूडतोडीवर जगलेलं आणि सतत पावसात भिजणारं हे गाव मेयरबाईंनी आधी पाहिलंही नव्हतं. ऊन कमी, एवढ्या गुणावर त्याची निवड झाली. कारण त्यांचे व्हॅम्पायर उन्हात जळत नाहीत, चमचमतात. रक्त पितात तेही जनावरांचं, आणि स्वतःला चक्क ‘शाकाहारी’ म्हणवतात. रानातली हरणं नि अस्वलं संपवून शाकाहारी!

इथवर सगळं गमतीचं आहे. पंचाईत होते ती खिडकीपाशी.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग ल्यूसी या तरुणीच्या खिडकीच्या चौकटीला लसणाची फुलं चोळतो. रात्री जो आत येईल तो गिळायलाच येणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. शंभराहून अधिक वर्षांनी काळ पालटला. ‘ट्वायलाइट’ची नायिका बेला झोपलेली असताना एडवर्ड रोज रात्री तिच्या खोलीत शिरतो आणि तिला न्याहाळत बसतो. हीच कथा त्याच्या तोंडून सांगणाऱ्या ‘मिडनाइट सन’मध्ये (२०२०) तर खिडकी कुरकुरते म्हणून पुढच्या खेपेला तेल आणायचं, हेही साहेबांनी योजून ठेवलेलं आहे. घरफोड्याची दूरदृष्टी वेगळी काय असते? पण बेलाला हे कळतं तेव्हा ती लाजते. झोपेत आपण काय बरळलो, एवढीच तिला काळजी!

तिसऱ्या भागात याच्याही पुढची पायरी. बेलाने मित्राकडे जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या ट्रकच्या इंजिनातला भागच काढून ठेवतो. अर्थात तिच्या भल्यासाठी. बायकांच्या पायात आजवर जेवढ्या बेड्या पडल्या, त्या सगळ्या त्यांच्या भल्यासाठीच होत्या, तेव्हा नवल नाही.

मालिकेच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या, त्या काही उगाच नाही. सतरा वर्षांच्या मुलीला इथे असा पुरुष भेटतो, जो तिच्यासाठी वेडा आहे, ताकदीने राक्षस आहे आणि तरीही स्वतःला आवरतो. लग्नाआधी काही नाही, हा हट्टदेखील त्याचाच. पुरुषाने स्वतःला आवरावं ही अपेक्षा बाईला भुताखेतांच्या गोष्टीत जाऊन पुरवून घ्यावी लागते, यात दोष वाचणाऱ्या मुलींचा नाही.

बेला सारखी संकटात सापडते आणि सारखी वाचवली जाते, अशी टीका झाली. त्यावर मेयरबाईंनी २०१५ साली ‘लाइफ अँड डेथ’ लिहिली. व्हॅम्पायर मुलगी आणि नाजूक जीव मुलगा. माणूस अडकला की वाचवावा लागतोच, हा त्यांचा खुलासा. खुलासा मान्य. पण प्रश्न वाचवण्याचा नव्हताच, कुलूप लावण्याचा होता.

तो प्रश्न ई. एल. जेम्स यांना मात्र बरोबर कळला. त्यांची ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ (२०११) ही मुळात ‘ट्वायलाइट’च्या चाहतीने लिहिलेली गोष्ट. राज्यही तेच, वॉशिंग्टन. त्यांनी नायकाचे व्हॅम्पायरी दात काढले, हाताशी हेलिकॉप्टर दिलं. पाळत आणि हुकूमत जशीच्या तशी ठेवली. पुस्तक धो धो खपलं. म्हणजे दात नुसते शोभेचेच होते; माल दुसराच विकला जात होता.

हौसेने वाचा, नावं ठेवत वाचा, दोन्हीत मजा आहे. फक्त पुस्तक मिटल्यावर एक गोष्ट ध्यानात असू द्या. ‘नको’ म्हटल्यावरही मुलीच्या मागे लागणं हा आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८खाली गुन्हा आहे आणि पहिल्या खेपेलाच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आरोपी देखणा असल्यास सूट, अशी तरतूद त्यात नाही.