उबदार ठिकाणाचा प्रस्ताव

वर्ध्याच्या माणसाला उन्हाचा धाक दाखवू नये. मे महिन्यात पारा ४६ वर जातो, बजाज चौकातली कुत्री नालीत जाऊन झोपतात, आणि आमचे शेजारचे काकाजी भर दुपारी दोन वाजता डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून सायकलवर आर्वी नाक्यापर्यंत जाऊन येतात. काम काय, तर कूलरची मोटर कुरकुरते, तिच्यासाठी मेकॅनिक गाठायचा. "आज काही खास नाही जी," असं म्हणत ते माठाखाली गिलास धरतात. हाच माणूस कोजागिरीला गच्चीवर दूध पिताना चंद्राकडे पाठ करून बसतो. एक झुळूक येते. काकाजी गिलास खाली ठेवतात आणि म्हणतात, "सुटला." सुटला म्हणजे वारा. तिथून पुढे रथसप्तमीपर्यंत काकाजींचं नाक तेवढं जगाला दिसतं.

बाकीचं गुंडाळण्याची रीत ठरलेली आहे. आधी बंडी, तिच्यावर काकूंनी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर बाह्यांचा, त्यावर निवृत्तीच्या समारंभात मिळालेली शाल. डोक्याला कानटोपी आणि ती उडून जाऊ नये म्हणून वरून मफलर. या वेशात ते उन्हामागे खुर्ची सरकवत फिरतात. आठला पूर्वेच्या ओट्यावर, अकराला फाटकाशी, तीनला आमच्या अंगणात. आमच्याकडे ते उन्हासाठी येतात आणि चहासाठी थांबतात. काखेत पेपर. पहिल्या पानावर सरकार पडलेलं असो की कापसाचा भाव, काकाजी आधी पाहतात ती विदर्भाच्या किमान तापमानाची चौकट. वर्ध्याचा आकडा नागपूर-गोंदियापेक्षा वर निघाला की ते दुखावतात. "यांचं यंत्र कुठं ठेवून राह्यले काय माहीत. आमच्या ओट्यावर येऊन मोजा म्हणा एकदा." मग स्वतःच समजूत घालतात, "थंडी आकड्यात नसते भाऊ, वाऱ्यात असते." तरी एक आकडा त्यांना तोंडपाठ आहे. २९ डिसेंबर २०१८, नागपूर, साडेतीन अंश. त्या रात्री आपण वाचलो कसे, ही गोष्ट ते दर हिवाळ्यात सांगतात, आणि दर हिवाळ्यात तिच्यात एक गोधडी वाढते.

अशा माणसाला कुठेतरी उबदार जागी जाऊन यावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही. माझी चिडचिड वेगळी आहे. वर्षातले हेच दोन-अडीच महिने वर्धा राहण्यालायक असते. तुरीच्या शेंगा उकडून समोर येतात, कारंजा-आष्टीकडची संत्री हातगाड्यांवर रचलेली दिसतात, कुणा ना कुणाच्या शेतात रोडगे आणि वांग्याच्या भाजीचं बोलावणं असतं. उन्हाळाभर भाजून आणि पावसाळाभर घामाने भिजून झाल्यावर पदरात पडलेले हे दिवस, आणि आमचे काकाजी ते ऊन कुठे मिळेल याच्या चौकशीत घालवतात.

चौकशी हाच शब्द बरोबर. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत टिप्पण्या लिहिण्यात गेली. त्यामुळे ते सहलीला जात नाहीत, सहलीचा प्रस्ताव चालवतात. त्यासाठी लांबोडी वही आहे, तिच्यावर 'हिवाळी प्रवास : उबदार ठिकाण निवड' असं ठळक लिहिलेलं आहे, आणि आत उभे रकाने : ठिकाण, किमान तापमान, पाऊस, वारा, गाडी, शेरा. सगळ्यात रुंद रकाना शेऱ्याचा.

गोवा दरवर्षी पहिल्या ओळीत असतो. नागपूरहून मडगावला जाणारी खास गाडी वर्ध्याला थांबते, म्हणजे घरून निघून घराच्या स्टेशनावरच बसायचं, ही काकाजींना मोठी जमेची बाजू वाटते. पण ती गाडी भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल अशी अख्खा महाराष्ट्र दाखवत नेते, आणि नाशिकजवळ पहाटेचा वारा खिडकीतून कसा लागेल हे त्यांनी घरबसल्या ताडलेलं आहे. शिवाय नाताळ ते ३१ डिसेंबर गर्दी. शेवटचा घाव काकूंचा. "गोव्याला जाऊन काय करता? तुम्ही ना पिता, ना पोहता. समुद्राकडं पाहून घरी या, झालं." शेरा : 'तूर्त स्थगित.'

मग केरळ. कोचीला डिसेंबर-जानेवारीतही रात्रीचा पारा २२-२३ च्या खाली क्वचित उतरतो, हे वाचून काकाजींचे डोळे पाणावले होते, मी पाहिलेलं आहे. पण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाची यात्रा असते. काळे कपडे घातलेल्या अय्यप्पाच्या भक्तांनी दक्षिणेच्या गाड्या भरून वाहतात. शेरा : 'मकरसंक्रांतीनंतर फेरविचार.'

रामेश्वरमच्या ओळीत पावसाचा रकाना लाल शाईत आहे. आपला पाऊस परतला की तमिळनाडूचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यात वादळं. "धनुष्कोडी कधी वाहून गेलं? डिसेंबर १९६४. पूल गेला, गाडी गेली, गाव गेलं." मी म्हटलं, आता तिथे नवा पांबन पूल झाला, एप्रिल २०२५ मध्ये उद्घाटनही झालं. काकाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "पूल नवा आहे जी. डिसेंबर तोच आहे ना?"

अंदमान काकूंच्या मनात आहे. त्यांना सेल्युलर जेल पाहायचं आहे. वर्ध्यात राहून सावरकरांचं नाव काढायचं म्हणजे ओट्यावर दोन तासांचा वाद, पण काकाजींनी तो रस्ताच घेतला नाही. त्यांनी भूगोल काढला. अंदमान इतकं पूर्वेला की आपल्याच घड्याळात तिथे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. "म्हणजे चारलाच ऊन उतरलं. इतके पैसे खर्च करून एक तास ऊन कमी?"

पुण्याचा पुतण्या आयटीत आहे. त्याने फोनवर सुचवलं, "काका, बालीला जा. सगळे जातात." काकाजींनी आठवडाभर बालीचा अभ्यास केला आणि पुतण्याला उलट फोन लावला. बाली विषुववृत्ताच्या खाली, आपला हिवाळा म्हणजे त्यांचा पावसाळा, नोव्हेंबर ते मार्च. "छत्री घेऊन ऊन पाहायला जाऊ काय रे?" पुतण्याचं ऑफिसातलं सगळं काही वेळेवर होतं की नाही ठाऊक नाही, पण त्या दिवशी त्याची मीटिंग उशिरा सुरू झाली.

असे गृहस्थ आमच्याच गल्लीत आहेत असं नाही. हिंगणघाटला माझे एक नातेवाईक आहेत, ते दर हिवाळ्यात कन्याकुमारीची तिकिटं काढतात आणि दर हिवाळ्यात रद्द करतात. कापसाच्या चुकाऱ्याकडे बोट दाखवतात. आमच्या बायकोचं म्हणणं, आपल्याही घरात एक तयार होऊन राह्यला आहे. परवा मी दूध आणायला जाताना मफलर शोधत होतो एवढंच.

एकदा न राहवून मी नकाशाचं पुस्तक घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, "काकाजी, उष्ण कटिबंध शोधायला निघालात, पण आपण त्यातच बसलेलो आहोत. कर्कवृत्त भोपाळच्या थोडं वरून जातं. वर्धा किती तरी खाली, पावणेएकवीस अक्षांशावर. हवाई बेटांवरचं होनोलुलू आहे ना, जिथे अमेरिकेतली माणसं थंडीत ऊन खायला जातात, ते आपल्यापेक्षा उत्तरेला आहे."

काकाजींनी बोट ठेवून तपासलं. आकडा बरोबर निघाल्याचं त्यांना वाईट वाटलं. थोडा वेळ शांत बसले आणि म्हणाले, "त्याच्या चारी बाजूंनी समुद्र आहे. समुद्र सावकाश तापते, सावकाश निवते, उष्णता धरून ठेवते. आपल्या बाजूला काय, धाम नदी. आभाळ कोरडं, ढग नाही, दिवसाची कमाई रात्रीतून उडून जाते. पगार झालेल्या पोरासारखं." मग आवाज खाली आणून, "महात्माजी सेगावला कधी राहायला आले? ३० एप्रिल १९३६. ऊन पाहून आले, म्हणून टिकले. डिसेंबरात आले असते ना, पोरबंदर बरं म्हणाले असते." गांधीजींनी असा विचार केला असेल असं मला वाटत नाही. पण पंचा नेसून इथले हिवाळे काढलेल्या माणसाबद्दल काकाजींना जो आदर आहे, तो सत्याग्रहामुळे नाही एवढं नक्की.

खरी अडचण ठिकाणाची नव्हतीच, पंचांगाची होती. ऑक्टोबर ते डिसेंबर दक्षिणेत पाऊस, मग शबरीमला, म्हणजे संक्रांतीआधी निघता येत नाही. संक्रांत झाली की काकूंचं हळदीकुंकू. गल्लीतल्या सगळ्या घरी जायचं, सगळ्यांना बोलवायचं, वाण वाटायचं, आणि हे रथसप्तमीपर्यंत. "तुमच्या थंडीसाठी मी लोकांचं वाण चुकवू काय?" रथसप्तमी २०२४ साली १६ फेब्रुवारीला आली. तोवर वर्ध्यात दुपारी पंखे सुरू झालेले. काकाजींनी शाल घडी करून कपाटात ठेवली आणि प्रस्ताव निकाली काढला. त्यात रेल्वेनेही हात दाखवला. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद झाली. काकाजींचे ४० टक्के गेले, काकूंचे ५०. दरवर्षीच्या शेऱ्यात तेव्हापासून एक कायम ओळ आहे : 'सवलत पूर्ववत होण्याची प्रतीक्षा करावी.' पुढे १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० वर आलं. लोकांना बरं वाटलं. काकाजींना विचार करायचे दोन महिने कापले गेल्यासारखं झालं.

२०२६ साली मात्र रथसप्तमी २५ जानेवारीलाच आली. ही गोष्ट काकूंनी दिवाळीत कॅलेंडर टांगतानाच पाहून ठेवली होती. त्यांनी वही मागितली नाही, शेरा विचारला नाही. साठ दिवस आधी, सकाळी आठ वाजता, आमच्या मुलाला बसवून सेवाग्राम ते चेन्नई जीटी एक्स्प्रेसची आणि पुढे कन्याकुमारीची तिकिटं काढून घेतली. एसीची. काकाजींना कळलं तेव्हा आमच्या अंगणातलं ऊन कलत आलं होतं.

"एसीत थंडी वाजते," एवढंच ते म्हणाले.

कन्याकुमारीला मात्र त्यांची हरकत नव्हती. उलट कारणं भराभर सुचली. विवेकानंद १८९२ च्या डिसेंबरात तिथल्या खडकावर तीन दिवस बसले असं सांगतात. "उघड्यावर, समुद्राच्या मधोमध. वर्ध्यात डिसेंबरात बसून दाखवा म्हणा कोणाला." तिथलं स्मारक उभं करणारे एकनाथ रानडे जन्मले अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याला, म्हणजे आपलाच माणूस जागा पाहून आलेला. गांधीजींच्या अस्थी ठेवल्या होत्या तिथे मंडप आहे. सेवाग्रामहून निघून पुन्हा महात्माजींकडेच पोचायचं, याचं त्यांना मोठं समाधान वाटलं. वहीत पहिल्यांदा हिरव्या शाईने लिहिलं गेलं : 'मान्य.'

सेवाग्राम स्टेशनावर पोचवायला मी गेलो होतो. दोन माणसं, चार डाग. एकात काकूंच्या साड्या आणि लोकांना द्यायला गोरस पाकाचे डबे; उरलेल्या तिनांत काकाजींची लोकर. "तिथे ३० अंश असते हो काकाजी," मी म्हटलं. "जायची-यायची सोय आहे ही," ते म्हणाले. गाडी हलली तेव्हा काचेमागे कानटोपी, तिच्यावर मफलर, त्यावर रेल्वेची पांढरी चादर आणि चादरीवर रेल्वेचंच ब्लँकेट दिसलं. काकू शेजारी पंख्यासारखी वही हलवत होत्या. त्यांना त्या एवढ्याशा डब्यात उकडत होतं.

मग फोन सुरू झाले. सकाळी सहाला, न चुकता. समुद्र कसा आहे, सूर्योदय पाहिला का, त्रिवेणी संगमात पाय बुडवले का, यातलं मला काही विचारू देत नसत. पहिला प्रश्न त्यांचाच. "किती आहे तिकडं?" पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं : १५. पलीकडे इतका वेळ कोणी बोललं नाही की मला वाटलं फोन कटला. एवढा खर्च, एवढी वर्षं, आणि वर्ध्यात १५? दुसऱ्या दिवशी मी १२ सांगितलं, आवाजात थोडा जीव आला. तिसऱ्या दिवशी पेपरात १६ होतं. शेजारधर्म म्हणून काही असतं.

"नऊ," मी म्हटलं. "आणि वारा असा की ओट्यावर उभं राहवत नाही."

"नऊ! ऐकते का गं, नऊ आहे तिकडं! वारा सुटला!" काकाजी ओरडले, मागे लाटांचा आवाज, नारळवाल्याचं काहीतरी चाललेलं. मग काकूंनी फोन घेतला.

"खोटं सांगू नका भाऊ, मघाशी सुनेचा फोन होता, पंखा लावला म्हणते. आणि हे काय करून राह्यले माहीत आहे का? किनाऱ्यावर वारा आहे म्हणून दोन्ही स्वेटर घालून बसले आहेत. येणारी-जाणारी माणसं फोटो काढून राह्यली."