मी तेव्हाच म्हटलं होतं

घरातल्या धाकट्याला थोरल्याचे कपडे मिळतात, पुस्तकं मिळतात आणि 'तुझा भाऊ असा नव्हता हो' हा मास्तरांचा शेराही मिळतो. रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमचं नशीब तेच.

वीझर या अमेरिकन बँडचा थोरला 1994चा. गुणी बाळ! त्यातल्या 'बडी हॉली'चा व्हिडिओ मायक्रोसॉफ्टनं विंडोज 95च्या सीडीतच घालून दिला होता. त्यामुळे रॉकशी सुतराम संबंध नसलेल्या घरांतही तो वाजला. आमच्या काकांना तो व्हायरस वाटला.

मग गायक रिव्हर्स कुओमोला यश बाधलं. तो हार्वर्डला शिकायला गेला. एक पाय जन्मतः आखूड होता, तो लांब करण्याची शस्त्रक्रियाही त्याच सुमारास करून घेतली. पायाभोवती लोखंडी पिंजरा, हातात काठी, बाहेर बर्फ आणि बोलायला कुणी नाही. आपल्याकडे अशा अवस्थेत माणूस कविता करून दिवाळी अंकाला पाठवतो. त्यानं 1996 मध्ये 'पिंकर्टन' काढला.

पिंकर्टन हा पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेरामधला, जपानी मुलीशी लग्न करून तिला वाऱ्यावर सोडणारा नौदल अधिकारी. त्याच नावाची एक सुरक्षा कंपनी अल्बम रोखायला कोर्टात गेली, पण शेवटी तिथं तिचं काही चाललं नाही. मुखपृष्ठावर जपानी चित्रकार हिरोशिगेचं बर्फाळ रात्रीचं चित्र, आत मात्र सगळी आग. ड्रम अंगावर येतात, गिटार खरखरते. जपानमधून एका मुलीचं पत्र आलं, तर या बाबानं पाकीट हुंगण्यापासूनचा सगळा वृत्तांत गाण्यात सांगून टाकला. आपण असली पत्रं निदान कपाटात तरी लपवतो.

'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी 'पिंकर्टन'ला त्या वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत बसवलं. 2002 साली त्याच मासिकाच्या वाचकांनी तो आजवरच्या श्रेष्ठ अल्बमांत सोळावा ठरवला. 2004 मध्ये मासिकानंही पाच तारे देऊन टाकले. गंमत म्हणजे मधल्या काळात खुद्द कुओमोनंच त्याला चारचौघांत झिडकारलं होतं. पुढे 2010 साली तोच अख्खा अल्बम ओळीनं वाजवत दौरा केला. अल्बममधली एक नोटसुद्धा या काळात बदललेली नाही.

आता मला भेटणारा प्रत्येक रॉकप्रेमी 'मी तेव्हाच म्हटलं होतं' म्हणतो. मग 1996 साली नाकं मुरडणारे गेले कुठं? आणीबाणीला पाठिंबा देणारेही असेच नंतर कुणाला सापडले नाहीत. आमच्या एका स्नेह्यांनी तर तेव्हा ही कॅसेट देऊन टाकली होती. हल्ली ते तिच्यावर तासभर बोलतात आणि मध्ये पाणीही पीत नाहीत.

माझं विचाराल तर लोक ज्या उघड्यावाघड्या कबुलीजबाबासाठी या अल्बमची आरती करतात, तो भाग मला निम्मा रडका वाटतो. 'द गुड लाइफ'मध्ये मात्र ऐन पंचविशीतला कुओमो आरशातल्या आपल्या काठीवाल्या म्हाताऱ्याकडे बघून स्वतःचीच टर उडवतो. तिथं अल्बम जिंकतो. थोरल्याइतका गोड तो नाही, पण घरात जास्त बोलावंसं वाटतं ते धाकट्याशीच.

दहा गाणी आहेत, जेमतेम 34 मिनिटांची. ऐकून बघा. आवडला नाही तर तसं आजच सांगा, आणि चारचौघांसमोर सांगा.