तेल न लावता या

लग्नाच्या मांडवात बाकीच्या बायका नवरीचा शालू बघतात, आमची भाची डोकी बघते. पंगतीतल्या टकलांवरून तिची नजर हळूहळू फिरते आणि मध्येच ती हळहळते, "काय सुंदर डोकं आहे! उगाच पडून आहे." तान्हेपणापासून म्हातारपणापर्यंत माणसाची समज कशी बदलत जाते, ते मेंदूच्या लहरींवरून शोधणं हा तिचा पीएचडीचा विषय. त्यासाठी लोकांच्या डोक्यावर तारांची, म्हणजे ईईजीची, टोपी चढवावी लागते. टोपी घालण्यावरची कोटी घरात प्रत्येकानं करून झाली आहे. ती दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते, कारण कोटी करणारा बहुधा टोपीतच बसलेला असतो आणि तो उठून गेला तर परवडत नाही.

ईईजीवाल्या माणसांच्या फोनवर एक लाघवी चिवटपणा असतो. "काका, शनिवारी येताय ना? शाम्पू करून या हं. तेल लावू नका. नाही, बदामाचंही नको." तेलाशी तिचं हाडवैर. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही, आणि पकडायचे असतात ते जेमतेम काही मायक्रोव्होल्ट. पेन्सिल सेलच्या तीस हजाराव्या भागाएवढी लहर मिळाली तरी ती घसघशीत समजायची! म्हणजे आमच्या आईनं तीन पिढ्यांच्या टाळूवर प्रेमानं जिरवलेलं खोबरेल हा विज्ञानापुढचा मोठाच अडथळा.

मला केस नाहीत, म्हणून मी लाडका. "मामा, तुझं डोकं म्हणजे पाच मिनिटांचं काम," हे या मुलीच्या तोंडून निघणारं सर्वोच्च कौतुक. प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की त्याचा हात माझ्यावर बसवतात. "मामा, पापण्या लववू नकोस. दात आवळू नकोस. मान हलवू नकोस. आणि एकदम रिलॅक्स!" पापणी लवली की पडद्यावर जी उसळी उठते, तिच्यापुढे माझ्या मेंदूचं सगळं कर्तृत्व दिसेनासं होतं. डोळे मिटले, की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला दहाएक लहरींचा संथ अल्फा सुरू होतो. तो बघून ती ओरडली, "वा! काय छान अल्फा आहे!" काहीही न करता डोळे मिटून बसल्याबद्दल शाबासकी मिळाल्याचा माझ्या संसारातला हा एकमेव प्रसंग. बायकोनं तो मनावर घेतलेला नाही.

बारशाला तिला बोलवावं की नाही, यावर आता घरोघरी विचार होतो. पाळण्याभोवती नाक कुणाचं, कान कुणाचे, हा वाद रंगलेला असतो आणि ही म्हणते, "चार महिन्यांचं झालं की सांगा. तेव्हा याची लय सेकंदाला तीन-चारच असते. दहापर्यंत यायला दहाएक वर्षं लागतात." बाळाची आजी चपापून विचारते, "म्हणजे मंद आहे का गं?" मग समजूत काढावी लागते. तान्ह्या मुलांना ती मनापासून मानते, कारण ती झोपेतही काम करतात. एकसारख्या आवाजांत मध्येच वेगळा आवाज आला, की झोपलेल्या नवजात बाळाचा मेंदूही तो टिपतो. जागी असली की मात्र टोपी ओढून काढतात. तेव्हा एक उच्चशिक्षित सहकारी समोर उकिडवा बसून साबणाचे फुगे सोडत असतो.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र ही मंडळी कधीच देत नाहीत. टोपीतून उतरलेला प्रत्येक माणूस केसांतला चिकट जेल पुसत विचारतो, "मग? कसा आहे माझा मेंदू?" भाचीचं उत्तर ठरलेलं: "एका डोक्यावरून काही सांगता येत नाही." चाळीस मिनिटं पापणी न लवू देता बसवायचं आणि शेवटी सरासरीत ढकलून द्यायचं! माझ्या साडूंना हे उत्तर मिळालं, त्या दिवसापासून ते तिच्याशी तुटक बोलतात.

प्रबंध कधी पुरा होणार, असं विचारलं की ती हान्स बर्गरला पुढे करते. जर्मनीतल्या येना गावच्या या डॉक्टरनं 1924 साली माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या, स्वतःच्या मुलालाही प्रयोगाला बसवलं आणि निबंध छापला तो 1929 मध्ये. "पाच वर्षं थांबला तो!" तरुणपणी सैन्यात असताना बर्गर घोड्यावरून पडून थोडक्यात बचावला आणि त्याच दिवशी घरून खुशाली विचारणारी तार आली. बहिणीच्या मनात पाल चुकचुकली होती. मन मनाला कसं कळवतं, ते शोधायला हा निघाला आणि हाती लागला अल्फा. आईनं ही गोष्ट ऐकून विचारलं, "बहिणीला कळतं, त्यात यंत्र कशाला?"

त्याच आईनं पुढे भाचीची मोठी अडचण सोडवली. सत्तरीपुढची धडधाकट माणसं प्रयोगाला मिळेनात, तेव्हा तिनं अख्खं भजनी मंडळ नेलं, केस धुऊन. प्रयोग साधा: बीप, बीप, बीप, मध्येच वेगळा बूप. बूप मनात मोजायचे. बूप ऐकल्यावर साधारण 300 मिलिसेकंदांनी मेंदूत एक लहर उठते. लहान मुलांत ती उशिरा येते, विशीच्या आसपास सर्वांत चपळ असते, मग वयाबरोबर पुन्हा मागे सरकत जाते. भाचीनं हे चाचरतच सांगितलं. आई म्हणाली, "उशिरा का होईना, येते ना? मग झालं."

खरी पंचाईत वेगळीच झाली. बीपच्या लयीवर एकीची मान डोलू लागली, दुसरीनं पायानं ठेका धरला आणि पडद्यावरच्या रेघा सैरावैरा धावल्या. बाहेर चहाला बसल्यावर बूप नक्की किती झाले यावरून दोघींचं जुंपलं. भाची हात जोडून म्हणाली, "आजी, आकडा महत्त्वाचा नाही." त्यावर दोघी एकदम तिच्यावरच उलटल्या: मग मोजायला कशाला सांगितलंस?