पैशाचं सोंग

मोखाड्याच्या बोहाड्यात रात्रभर सोंगं नाचतात. संबळ वाजतो, टेंभे पेटतात, गणपती येऊन जातो, रावण येतो आणि पोरं आयांच्या पदरात शिरतात. मोठी माणसं निवांत असतात. त्या मुखवट्याआड कुणाचा कोण आहे आणि त्याच्याकडे आपली किती उधारी राहिली आहे, हे त्यांना पाठ असतं.

मोबाइलमधून आलेलं सोंग मात्र मला ओळखता आलं नाही. मला, म्हणजे ज्याला गाव गुरुजी म्हणतं त्याला.

जाहिरात पैठणीची होती. किंमत 799 रुपये. शेजारी घड्याळ उलटं पळत होतं : 11 मिनिटं उरली, 3 नग उरले. येवल्याला हातमागावर एक पैठणी उतरायला महिना महिना जातो, हे मी वर्गात शिकवतो. पण घड्याळ पळायला लागलं की शिकवलेलंही पळतं. सौ. म्हणाली, "अहो, पार्सल आल्यावर पैसे द्यायचेत. मग भीती कसली?"

कुरिअरवाला पाड्यापर्यंत येत नाही, जव्हारच्या स्टँडवर बोलावतो. पैसे मोजल्याशिवाय पार्सल हातात देत नाही आणि हातात आल्याशिवाय ते उघडता येत नाही. तिथंच बाजारात नागली विकणारी मावशी मूठभर दाणे हातावर ओतून फुंकर मारू देते. घेतली नाही तर चार शब्द ऐकवते, ते वेगळं.

घरी येऊन पार्सल उघडलं. जांभळं, चकचकीत, अंगाला टोचणारं कापड. काठावर मोर होते म्हणे; मला ते कोंबडे वाटले.

आता पैसे परत कसे मिळवायचे? नेटवर तक्रारीचा नंबर शोधला आणि पहिला दिसला तोच फिरवला. तो दुकानाचा नव्हताच. माझ्यासारख्यांसाठी दुसऱ्याच भामट्यानं पेरून ठेवलेला होता. काय गोड बोलत होता! "सर, कोड पाठवलाय. स्कॅन करून फक्त पिन टाका, पैसे जमा." उभ्या जन्मात मला कुणी इतक्या आदरानं 'सर' म्हटलं नव्हतं. पिनचे तीन आकडे टाकले आणि रेंज गेली. पावसात वीज गेली की आमचा टॉवर पाठोपाठ जातो. त्या टॉवरला आजवर दिलेल्या सगळ्या शिव्या मी परत घेतो.

दुसऱ्या दिवशी आठवीतला एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, पैसे घ्यायला पिन कशाला लागतोय? तो तर द्यायला लागतो." वर हेही सांगितलं की पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करायचा, वेळेत कळवलं तर ते वाटेत अडवता येतात.

"आणि रेंज नसली तर?"

"टेकडीवर पळायचं."

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं वडील म्हणायचे. आता तेही येतं. आमच्या किराणावाल्याला एकानं पैसे पाठवल्याचं चित्र दाखवून साखर नेली. चित्र झकास होतं, खात्यात मात्र काही नव्हतं. तेव्हापासून पैसे आल्याचं सांगणारा डबा बोलल्याशिवाय तो पिशवी सोडत नाही. रेंज गेली की डबा मुका होतो आणि दुकानात सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात.

पैठणी वर्षभर पेटीत पडून होती. यंदा बोहाड्यात त्राटिकेचं सोंग घेणारा पोरगा लुगडं मागायला आला, तेव्हा सौ.नं तीच काढून दिली. टेंभ्यांच्या उजेडात काठावरचे कोंबडे थेट मोर दिसत होते.