नवशिक्यांसाठी: न लागणारं ऑपरेशन कसं करून घ्यावं

आधी घाई अंगी बाणवा. न लागणारं ऑपरेशन सवडीने होत नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, एवढं भांडवल पुरे. "पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल," असं ऐकलं की एकच विचारायचं: "ॲडमिट कधी होऊ?" कुठल्या तपासणीवरून कॅन्सर म्हणता, असं विचारणारी बाई या शिक्षणात मागे पडते. यातली कितीतरी दुखणी गोळ्यांनी बरी होतात, पण त्यासाठी थांबावं लागतं. (काहींना पिशवी खरोखरच काढावी लागते. त्यांनी हे वाचून घाबरू नये.)

कार्ल्यात राहणाऱ्यांनी एक पथ्य कडक पाळावं: दुखणं घेऊन मळवलीला लोकल पकडायची नाही. ती पुणे स्टेशनला नेते, आणि तिथून ससून हाकेच्या अंतरावर. रांग लांब, बाकं अपुरी. पण तुमच्या ऑपरेशनातून ज्याला दमडीही मिळायची नाही असा डॉक्टर तिथे रिपोर्ट बघतो. ठरलेला बेत तेवढ्याने मोडतो.

चिठ्ठी देणाऱ्याला किती मिळाले, हेही विचारू नये. २०१७ साली मुंबईतल्या एका हृदयरुग्णालयाने 'डॉक्टरांना कमिशन नाही' असं फलकावर जाहीर केलं, तर डॉक्टरांची संघटनाच रागावली. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांच्याशी ७८ डॉक्टर याच व्यवहारांबद्दल बोलले. त्याचं पुस्तक निघालं. बोलणारे सगळे डॉक्टरच, म्हणून विश्वास कुठे ठेवावा हा प्रश्न आणखीच अवघड होतो.

एवढं जमलं की पुढचे धडे बीड जिल्ह्यात. तिथल्या ऊसतोड कामगारांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम हंगामाआधी उचल देतो, आणि खाडा झाला की दंड, दिवसाला ५०० रुपयांपर्यंत. पाळी आली की खाड्याची धास्ती. फडावर ना आडोसा, ना पुरेसं पाणी. कापड बदलायचं कुठे? त्यातून जंतुसंसर्ग, त्यातून दवाखाना, आणि दवाखान्यात तेच कॅन्सरचं वाक्य. मुलं झाली आहेत, आता पिशवीचा उपयोग काय, असं घरचेही म्हणतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींनी चाळिशीही गाठली नव्हती. सोबत अंडाशयंही गेली तर रजोनिवृत्ती लगेच येते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. हे ऑपरेशनआधी सांगितलं तर घाई कशी टिकणार?

सही करताना कागद वाचू नये. केसपेपरही मागू नयेत. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात, असा नियम २००२ पासून आहे, आणि ते हाती आले की दुसरा डॉक्टर वाचू शकतो.

खर्चाची काळजी नको. कित्येकींना मुकादमानेच पैसे दिले. ते उचलीत धरले जातात आणि पुढच्या हंगामात ऊस तोडून फेडायचे असतात, आता पाळीचा खाडा न करता.